पडलेला पैलवान उठतो कसा

प्रिय मित्रा,

पटकथा वाचली. नायकाचा उदय तू झोकात लिहिलायस. पहाटेची तालीम, जोर-बैठका, खुराकासाठी बापाची ओढाताण, हलगी घुमली की उसळणारा फड, सगळं जमलंय. फक्त इतकी वर्षं लढूनही तुझ्या पैलवानाचे कान साबूत कसे? लढून लढून पैलवानाचे कान सुजून चुरगळतात; जाणकार प्रेक्षक आधी कान बघतो.

गाडी अडते ती पतनापाशी. पदक मिळालं, डोक्यात हवा शिरली, घर मोडलं, पोट सुटलं. गर्व हे कारण लेखकाला फार सोयीचं असतं. गुन्हा आणि शिक्षा एकाच माणसाच्या नावावर टाकून मोकळं होता येतं. कुस्ती एवढी न्यायी नाही. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटनं पहिल्याच लढतीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं. सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती. संध्याकाळपर्यंत विनेश अंतिम फेरीत होती. सकाळी पुन्हा वजन होणार, म्हणून रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी ५० किलोच्या गटात वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. ती बाद झाली, रौप्यही गेलं. यात खलनायक कोण? असं पतन लिहून बघ. ती रात्र, तो वजनकाटा, ओठ ओला करायलाही घाबरणारी माणसं. तुझ्या दारूच्या प्रसंगापेक्षा हे कितीतरी जड आहे.

आता पुनरागमन. तू नायकाला थेट अंतिम फेरीत जुन्या शत्रूसमोर उभा केलास आणि एका ढाक डावावर अस्मान दाखवलंस. शिट्ट्या पडतील, नाही म्हणत नाही. पण हरलेल्याला परत यायची वाट कुस्तीच्या नियमांतच आहे आणि ती तू वापरलीच नाहीस. रेपेचाज! तुला हरवणारा अंतिम फेरीत पोचला, तरच तुला कांस्यपदकाची संधी. म्हणजे ज्यानं सकाळी लोळवलं, त्याच्याच विजयासाठी दुपारी देव पाण्यात घालून बसायचं. हा प्रसंग कुठल्याही सूडापेक्षा खोल आहे, आणि तो रचायलाही लागत नाही. २०१६ला रिओमध्ये साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या कोब्लोवाकडून हरली. कोब्लोवा अंतिम फेरीत गेली म्हणून साक्षीला दार उघडलं. कांस्यपदकाच्या लढतीत ०–५ अशी मागे पडूनही ती ८–५ने जिंकली. २००८ला बीजिंगमध्ये सुशीलकुमारचं कांस्यही याच वाटेनं आलं.

खाशाबा जाधवांचं उदाहरण तू संवादात कोंबलंयस, ते काढ. १९४८ला लंडनमध्ये सहावा क्रमांक, १९५२ला हेलसिंकीत कांस्य. मधली चार वर्षं दाखवता येणार नसतील तर नुसतं नाव घेऊन टाळ्या मागू नयेत.

आणि नायिका. तीही मल्ल आहे म्हणतोस, पण लग्नानंतर तिची कुस्ती सुटते ती एका ओळीत, तीही गाण्याच्या आत. नायकाच्या पतनाला तू अर्धा सिनेमा दिलास. तिचं काय झालं हे कुणी विचारतच नाही, तीसुद्धा नाही. माझ्या मते खरी पडझड तिथेच आहे आणि तुझ्या लक्षात आलेली नाही.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा सुरुवात पाठवू नकोस, ती झाली आहे. मला दोनच प्रसंग हवेत: वजनाची रात्र आणि नायिकेनं आखाडा सोडल्याचा दिवस. संवाद जमेल तितके कमी ठेव.

तुझा,
काका