'कथानक' म्हणजे विषय नव्हे

प्रश्न असा आहे : कथा, कथानक आणि कथावस्तू यांत फरक काय?

फरक आहे, आणि तो न पाळल्यामुळे 'या कादंबरीचं कथानक शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे आहे' असली वाक्यं परीक्षणांत सारखी वाचावी लागतात. अहो, तो विषय झाला! कथानक म्हणजे प्रसंगांची गुंफण. कशानंतर काय घडलं आणि कशामुळे. कथावस्तू नाट्यशास्त्राच्या परंपरेतली. धनंजयाने 'दशरूपका'त रूपकांचे, म्हणजे नाट्यप्रकारांचे, भेद वस्तू (नाटकात घडणारी हकिकत), नेता (नायक) आणि रस यांवरून ठरवले, त्यातली ही वस्तू. तिच्याबद्दल एवढं पुरे.

खरा आनंद 'कथा' या शब्दात आहे. शाळेत शिकवतात की कथ् म्हणजे सांगणे, त्यापासून कथा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कथ वाक्यप्रबन्धे' (वाक्यं जुळवून बोलणे) असं दिलेलं आहे, म्हणून आपले व्युत्पत्तिकार तिथेच हात टेकतात. पण ऋग्वेद उघडा. 'कथा दाशेमाग्नये' (१.७७.१) : अग्नीला आम्ही आहुती कशी अर्पण करावी? इथे 'कथा' म्हणजे चक्क 'कसे?' कथम् याच अर्थाचं हे जुनं रूप. कथ् हा धातूच या 'कसे'वरून घडला, म्हणजे 'कसं ते सांगणं', असं भाषाशास्त्रज्ञांनी सुचवलेलं आहे. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ते दबकत नोंदवलंय. मी दबकणार नाही, कारण छांदोग्य उपनिषद माझ्या बाजूने आहे. तिथे (१.८) तिघे जण 'उद्गीथाविषयी (सामगायनाच्या मुख्य भागाविषयी) कथा करू' म्हणून बसतात. आणि करतात काय? गोष्ट सांगत नाहीत, प्रश्न विचारतात. 'सामाचा आधार कोणता?' 'स्वर.' 'स्वराचा?' 'प्राण.' 'प्राणाचा?' 'अन्न.' पुढे न्यायशास्त्रातही वाद (सत्य शोधण्यासाठीची चर्चा), जल्प (जिंकण्यासाठीची) आणि वितंडा (नुसतं खंडन) या तिघांना मिळून 'कथा'च म्हणतात. मुळात शब्द सांगण्याचा असता, तर तो वादविवादाला कशाला चिकटला असता? ज्यांना धातुपाठाबाहेर पाऊल टाकायचं नाही, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपली 'कहाणी' याच घरातली. कथानक, कथानिका यांवरून प्राकृतातून आलेली. आदितवार राणूबाईची कहाणी आठवा. ब्राह्मण रानात जातो, वसा वसणाऱ्या बायका दिसतात, आणि तो विचारतो, 'कसला वसा वसता?' हा प्रश्न काढून टाका, म्हणजे आटपाट नगर तसंच राहतं, ब्राह्मण तसाच राहतो. पण कहाणी पुढे सरकत नाही. 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील' ही बायकांची शंका आली की कहाणीचं पुढचं सगळं, कहाणी ऐकायला नकार देणाऱ्या मुलीचे हालसुद्धा, तिच्या पोटात आलेलं असतं. यालाच कथानक म्हणतात.

आणि 'प्लॉट'ला मराठी शब्द हवा असेल तर नाटकवाल्यांचा 'संविधानक' आहेच. तो वापरा, पण 'कथानक'ला विषयाच्या जागी बसवू नका.