रोलर कोस्टर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस समोर भेटला, तर त्याला काय विचारावं?

तुम्ही विचारलंय की गोरेगावला भरणाऱ्या करमणूक उद्यानांच्या व्यापारी प्रदर्शनात तुम्हाला जायला मिळणार आहे, तिथे राइड बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक भेटतील, तर रोलर कोस्टरचं वेड असलेल्या माणसाने त्यांना काय विचारावं? मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या करतो आणि रोलर कोस्टर हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काय विचारू नये, ते आधी. ‘सगळ्यात उंच कुठला, सगळ्यात वेगवान कुठला’ यात वेळ घालवू नका. अबूधाबीचा फॉर्म्युला रोसा ताशी 240 किलोमीटरने सुटतो, न्यू जर्सीचा किंगडा का 139 मीटर उंच होता आणि 2025 साली तो पाडला, हे तुम्हाला माहीत असणारच. ‘पुढचा मोठा कोस्टर कुठे येतोय?’ हेही नको. ते जाहीर करायचं की नाही हे उद्यान ठरवतं, कंपनी नाही. समोरचा माणूस नुसता हसेल आणि तुमची पाच मिनिटं जातील.

‘लूप, म्हणजे गाडी जिथे उलटी होऊन फेरा पूर्ण करते तो भाग, पूर्ण गोल का नसतो?’ हा शौकिनांचा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर इथेच देतो, म्हणजे तुम्हाला पुढचा, जास्त चांगला प्रश्न विचारता येईल. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 साली फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता, त्याचा लूप गोलच होता. गोल लूपचं गणित वाईट असतं. माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी त्याच वर्तुळाच्या तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो. शिवाय सपाट ट्रॅकवरून वर्तुळात शिरताना तो दाब हळूहळू वाढत नाही, एकदम येऊन आदळतो. त्या काळी लोकांच्या मानांना जे हिसके बसायचे ते यामुळेच. पुढे जर्मनीचे आंटोन श्वार्त्सकोफ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी 1976 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या मॅजिक माउंटनमध्ये रिव्होल्यूशन उभा केला. त्याच्या लूपची त्रिज्या तळाशी मोठी आणि माथ्याकडे जाताना लहान होत जाणारी होती. तळाशी वेग जास्त, तिथे वळण मोठं. वर वेग कमी, तिथे वळण लहान. आज जगभर जे थेंबाच्या आकाराचे लूप दिसतात ते या विचारातून आले.

आता खरा प्रश्न असा विचारा: आकृती कॉम्प्युटरवर इतकी अचूक काढता येते, मग काही कोस्टरमध्ये अजून आपले कान खांद्यांवरून येणाऱ्या सुरक्षेच्या पट्ट्यांवर का आपटतात? याचं उत्तर कंपनीच देऊ शकते, कारण ते कारखान्यात दडलेलं आहे. जाड पोलादी नळ्या तीन दिशांना वाकवायच्या, आधारांना वेल्ड करायच्या. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ओढलं जातं आणि नळी काही मिलिमीटर सरकते. ताशी 100 किलोमीटरने जाणाऱ्या चाकाला तेवढा फरक पुरतो. तेव्हा विचारा, ‘तयार झालेला ट्रॅक आकृतीपासून किती मिलिमीटर हटलेला तुम्ही चालवून घेता? तो कशाने मोजता? जागेवर तुकडे जोडून झाल्यावर परत मोजता का?’ मी कामावर रोज याच गोष्टींशी झटतो, म्हणून खात्रीने सांगतो: ज्याला हे आकडे तोंडपाठ आहेत, तो माणूस मन लावून काम करणारा. त्याला सोडू नका.

खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो तुम्ही केला असेलच. तो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड कंपनीचा, 2013 पासूनचा, बिनतळाचा कोस्टर. गाडी सुटायच्या आधी पायाखालची जमीन बाजूला सरकते आणि पाय मोकळे लोंबकळतात. सुमारे 40 मीटर उंची आणि पाच वेळा उलटं होणं असूनही तो इतका मऊ का जातो, याचं बरंचसं उत्तर ट्रॅकच्या अचूकपणात आहे आणि उरलेलं चाकांत.

चाकांबद्दल तर जरूर विचारा. कोस्टरच्या गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात: वजन पेलणारी वरची, वळणावर धरून ठेवणारी बाजूची, आणि ट्रॅकच्या खालून पकडणारी, ज्यांच्यामुळे गाडी ट्रॅक सोडून उडत नाही. हे खालचं चाक अमेरिकेच्या जॉन मिलरने शंभर वर्षांपूर्वी पेटंट केलं. त्याच्याशिवाय तो आपल्याला सीटवरून उचलणारा, पोटात गोळा आणणारा क्षण शक्यच झाला नसता. चाकावरचं आवरण मऊ पॉलियुरेथेनचं घेतलं की प्रवास गुळगुळीत होतो, पण आवरण दर फेरीत दबून सुटून तापतं आणि वेगही थोडा खातं. कडक नायलॉन घेतलं की गाडी पळते, पण ट्रॅकचा प्रत्येक दोष थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचवते. वेग फार वाढला की मऊ आवरण आतून तापून धातूपासून सुटायला लागतं. म्हणून विचारा: ‘या कोस्टरला कुठलं चाक दिलंत आणि का? एक चाक किती फेऱ्या टिकतं? चाकं भारतात बनतात की समुद्रमार्गे येईपर्यंत उद्यानाने गाडी उभी ठेवायची?’ शेवटचा भाग आपल्यासाठी सर्वांत कामाचा. एखादी राइड महिनोन्महिने बंद असते, त्यामागे पुष्कळदा एखादा न आलेला सुटा भाग असतो.

याला जोडून अमेरिकेचं उदाहरण काढा. ओहायोतल्या सीडर पॉइंटला 2003 साली 128 मीटर उंचीचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर आला. 2021 मध्ये त्याच्या गाडीचा एक तुकडा निखळून रांगेतल्या एका बाईंना लागला आणि त्या गंभीर जखमी झाल्या. पुढे दुसऱ्या कंपनीने नवी गाडी आणि नवी सोडण्याची यंत्रणा देऊन 2024 च्या मे महिन्यात तो टॉप थ्रिल टू म्हणून उघडला. आठवडाभरात गाड्यांमध्ये बदल करायचे म्हणून तो बंद झाला, तो थेट 2025 मध्ये चालू झाला. तुमच्या समोरचा माणूस कुठल्याही कंपनीचा असो, त्याला विचारा की वजनाने हलकी गाडी बनवताना तुम्ही कुठे थांबता. हलक्या गाडीला वेग द्यायला सोपं आणि ट्रॅकही कमी झिजतो, पण धातूची जाडी कमी झाली की चुकीला जागा उरत नाही.

आता सुरक्षेचा प्रश्न. तो विचारायला लोक संकोचतात, तुम्ही संकोचू नका. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी राहील, हे कॉम्प्युटर सांभाळतो. रेल्वेच्या सिग्नलमागचा विचारही हाच. पुढचा भाग रिकामा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. ही पद्धत फार भक्कम आहे. तरीही 2 जून 2015 ला इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये द स्मायलर या कोस्टरवर माणसांनी भरलेली गाडी ट्रॅकवर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. 16 जण जखमी झाले, दोन तरुणींचे पाय कापावे लागले. यंत्रणेने गाडी बरोबर थांबवली होती. पुढचा ट्रॅक मोकळा आहे असं समजून तिथल्या तंत्रज्ञांनी ती यंत्रणा हाताने ओलांडली. उद्यान चालवणाऱ्या कंपनीला 50 लाख पौंड दंड झाला. म्हणून ‘तुमची राइड सुरक्षित आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ‘हो’च येणार. विचारा, ‘तुमची यंत्रणा हाताने ओलांडायची असेल तर काय काय करावं लागतं? किती जणांच्या किल्ल्या लागतात? ट्रॅक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते करता येऊ नये, यासाठी तुम्ही काय ठेवलंय?’

पोलादाचं वय हा माझा सर्वांत आवडता विषय. प्रत्येक फेरीत खांब आणि वेल्ड थोडे ताणले जातात, मग सैल होतात. लाखो फेऱ्यांनी तिथे केसाएवढा तडा जन्माला येऊ शकतो. 30 जून 2023 ला अमेरिकेत कॅरोविंड्स उद्यानातल्या फ्युरी 325 या कोस्टरच्या एका खांबाला वरच्या बाजूला आरपार तडा गेलेला एका पाहुण्याच्या नजरेस पडला. त्याने काढलेल्या व्हिडिओत गाडी जाताना खांब सांध्यात सरकताना दिसतो. कोस्टर लगेच बंद केला, खांब बदलला आणि ऑगस्टमध्ये परत चालू केला. तो बनवणारी कंपनी नायट्रोचीच, आणि या धंद्यात तिचं नाव फार आदराने घेतलं जातं. इतक्या चांगल्या कंपनीच्या कामातही हे होऊ शकतं, म्हणूनच विचारायचं: कुठले वेल्ड दर वर्षी चुंबकीय पावडरने तपासायला सांगता? ती यादी राइडसोबत देता का? ट्रॅक किती वर्षांनी नवा घालावा लागेल? इंग्लंडचा नेमेसिस 1994 चा. तो 2022 च्या अखेरीस बंद करून, ट्रॅक नवा घालून 2024 मध्ये उघडला. भारतात तशी वेळ येईल तेव्हा खर्च कोण आणि कसा करणार, याचा विचार विकतानाच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

नेमेसिसवरून आठवलं. त्या जागी झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायला परवानगी नव्हती, म्हणून खडक फोडून कोस्टर जमिनीत उतरवला, आणि त्यामुळेच तो इतका गाजला. कंपनीच्या माणसाला खुलवायचं असेल तर विचारा, ‘जागेची अशी कुठली अडचण होती, जिच्यामुळे तुमचं काम उलट सुधारलं?’ आपलं काम ज्याला आवडतं तो यावर भरभरून बोलतो.

शक्यतो विक्रीच्या माणसाशी न बोलता दुरुस्ती-देखभाल किंवा सुट्या भागांचं काम पाहणाऱ्याशी बोला. तो बहुतेक मागच्या खुर्चीवर बसलेला असतो.

आपल्या हवेबद्दल विचारा, कारण तिकडचे शौकीन हा प्रश्न विचारणार नाहीत. चुंबकाचे ब्रेक पावसातही तसेच चालतात. त्यांना विजेची गरज नाही. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की वेग आपोआप उतरतो. पण चिमट्यासारखे घट्ट धरणारे ब्रेक ओले झाले की त्यांची पकड कमी होते. उन्हाळ्यात ग्रीस पातळ होतं आणि दुपारची गाडी सकाळच्या गाडीपेक्षा जोरात पळते. शौकिनांना न आवडणारे मधले वेग कमी करणारे ब्रेक बऱ्याचदा यासाठीच असतात. ते कुठल्या तापमानाला धरून बसवलेत, आणि खोपोलीसारख्या धो धो पावसाच्या ठिकाणी ट्रॅकच्या नळ्यांच्या आतल्या गंजाचं काय करता, हे विचारा.

आणि छातीवरच्या पट्ट्यांचं विचाराच. उंचीची अट कुठल्या देशातल्या माणसांच्या मापांवरून ठरवली? बारीक अंगाच्या मुलीला किंवा सुटलेल्या पोटाच्या माणसाला पट्टा नीट बसतो की नुसता अडकतो? ओढणी आणि लांब मोकळे केस चाकांपर्यंत जाणार नाहीत, यासाठी सीटमागे काय आहे? उत्तर नुसतं ‘मानकाप्रमाणे’ आलं, तर कुठलं मानक ते विचारा. युरोपचं ईएन 13814 की अमेरिकेचं एएसटीएम एफ 2291? आणि त्याच्या चाचणीचे कागद भारतातल्या उद्यानाकडे दिले आहेत का?