लिलाँग्वेला रुजू होण्याआधी

प्रिय सहकाऱ्यास,

मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत, सामायिक निधीच्या (अनेक दात्यांचा पैसा एकत्र ठेवणाऱ्या निधीच्या) सचिवालयात जाण्याआधी काय वाचावं, असं विचारलंस. आधी निधीचा टीओआर (टर्म्स ऑफ रेफरन्स, म्हणजे निधीचं काम आणि नियम सांगणारा दस्तऐवज) वाच आणि त्यात एकच गोष्ट शोध: पैसे कुठे जाणार हे कोण ठरवतं? सुकाणू समिती ठरवत असेल तर ठीक. एखादा दाता 'आमचा पैसा फक्त अमुक जिल्ह्याला, तमुक संस्थेमार्फत' असं लिहून घेत असेल, तर तो निधी नावालाच सामायिक. शेती, आरोग्य अशा विषयापुरती अट चालते. त्याच्या पलीकडे नाही म्हणायला शीक. दाता सहसा पळून जात नाही.

मग हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या मल्टी-पार्टनर ट्रस्ट फंड कार्यालयामार्फत १० लाख डॉलर आले, तर १ टक्का तिथे प्रशासकीय शुल्क म्हणून कापला जातो. उरलेल्या ९ लाख ९० हजारांतून राबवणारी संस्था थेट खर्चावर ७ टक्के अप्रत्यक्ष खर्च (कार्यालय, व्यवस्थापन वगैरेचा) लावते. कामाला राहतात सुमारे ९ लाख २५ हजार. त्या संस्थेने काम पुढे एखाद्या एनजीओला दिलं की आणखी एक कात्री. म्हणून एका प्रकल्पात तीनपेक्षा जास्त संस्था घेऊ नकोस. दुसरंही कारण आहे. पुढचा हप्ता बहुतेकदा सगळ्यांच्या एकत्रित खर्चावर सुटतो. आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के खर्च झाले पाहिजेत अशी अट असेल आणि एक संस्था खरेदीत अडकली, तर ज्यांचं काम वेळेत झालं तेही बसून राहतात. संस्थानिहाय हप्ता सोडायची सोय करारातच करून घे, नंतर कुणी ऐकत नाही.

खरी गोची वेळेची आहे. पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो आणि मक्याची पेरणी त्याच्यावरच. बियाण्याचे पैसे जानेवारीत आले तर ते वर्ष गेलं. खरेदीला तीन-चार महिने धर, म्हणजे समितीची मंजुरी जूनपर्यंत हवी. त्यात संयुक्त राष्ट्रांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, मलावीचं एप्रिल ते मार्च. वार्षिक अहवाल ३१ मार्चला द्यायचा असतो, नेमकं तेव्हाच सरकारी अधिकारी वर्षअखेरीत बुडालेले. त्यांचे आकडे फेब्रुवारीतच माग.

क्वाचाकडेही, म्हणजे मलावीच्या चलनाकडेही, लक्ष असू दे. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलरचा दर सुमारे १,१८० वरून १,७०० क्वाचावर गेला. ११ कोटी ८० लाख क्वाचांचं बोअरवेलचं कंत्राट आदल्या दिवशी १ लाख डॉलरचं होतं, ते सुमारे ६९ हजारांवर आलं. कागदावर ही बचत दिसते. पण पंप आणि पाइप बाहेरून आणणारा कंत्राटदार काम अर्धवट टाकतो. आयात मालाच्या बाबींना कंत्राटात दरबदलाचं कलम घाल. मजुरीला मात्र घालू नकोस असं हिशेबनीस सुचवतील. त्यांचं ऐकू नकोस, महागाई मजुरालाही लागते.

'कॅशगेट' हा शब्द तिथे लवकरच कानावर येईल. सरकारी तिजोरीतून पैसे लंपास झाल्याचं २०१३ मध्ये उघड झालं आणि दात्यांनी थेट मदत थांबवली. तेव्हापासून बराच पैसा सरकारी अंदाजपत्रकाबाहेरून जातो. परिणाम असा, की जिल्ह्याला पत्ताच नसतो आणि हातपंपाच्या दुरुस्तीसाठी कुणाच्याच अंदाजपत्रकात पैसे नसतात. पैसा तिजोरीतून जात नसला तरी तो जिल्ह्याच्या विकास आराखड्यात लिहिलेला हवा. पहिल्या महिन्यात मंत्रालयाच्या बैठका एखाद-दोन चुकल्या तरी चालतील. डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या नियोजन संचालकांना भेट, त्यांचा आराखडा माग आणि तुमच्या प्रकल्पाची ओळ त्यात आहे का ते बघ.