इव्हेंट व्ह्यूअर उघडला की सगळं लालच दिसतं!

प्रश्न: दादा, शनिवारी बाबांना फोन आला, कम्प्युटर कंपनीतनं बोलतोय म्हणे, तुमच्या पीसीत व्हायरस शिरलाय. फोनवरच त्यांना इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला लावला, तर त्यात लाल एरर आणि पिवळ्या वॉर्निंग शेकड्यांनी! बाबा जाम टरकले. मी बाजारातनं आले आणि फोन हिसकावून कट केला, पैसे वाचले. पण ते एरर तर खरे होते ना? आणि पीसी आठवड्यातनं दोन-तीनदा सकाळी धाडकन बंद पडतो, तेही खरंय.
– एक वाचक, भांडुप

उत्तर: फोन कट केलात ते झकास केलंत ताई. फोनवाल्याने एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर ते आधी उडवा, आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

आता ते लाल. एरर खरेच असतात, पण ते माझ्याकडेही आहेत, तुमच्या शेजाऱ्याकडेही असणार. विंडोज बारीकसारीक कुरबुरीही लिहून ठेवतं, नोंदींची फाईल साधारण २० एमबी भरली की जुनं पुसून वर नवं, म्हणजे कित्येक आठवड्यांचा कचरा एकदम समोर येतो आणि माणूस हबकतो. डिस्ट्रिब्युटेड कॉम नावाच्या विंडोजच्या भागाची १००१६ नंबरची नोंद तर मायक्रोसॉफ्टच म्हणतं, दुर्लक्ष करा.

तुमचं खरं काम पीसी बंद पडण्याचं. स्टार्टवर राईट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. उजवीकडे फिल्टर करंट लॉग, आयडीच्या खान्यात ४१ आणि ६००८ स्वल्पविराम देऊन टाका. ४१ म्हणजे कर्नल पॉवर, मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच ते सांगतं, कारण नाही सांगत. आणि गंमत म्हणजे त्यापुढची वेळ असते पीसी परत चालू झाल्याची! बंद कधी पडला ते ६००८ च्या मजकुरात लिहिलेलं असतं, इथेच लोक फसतात. ४१ च्या डिटेल्समध्ये बगचेककोड (विंडोज स्वतः कोसळलं तर त्याचा नंबर) शून्य असेल तर बहुतेक वीज, एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय) नाहीतर कुणीतरी पॉवर बटण दाबून धरलेलं.

मी स्वतः महिनाभर विंडोजला शिव्या घातल्या, रॅम काढून पुसून परत लावली, काही फरक नाही. मग ६००८ च्या वेळा बघितल्या तर सगळ्या सहा दहा, सहा बारा, सहा अकरा. आमच्या चाळीत त्याच वेळेला पाणी येतं आणि खालचा पंप सुरू होतो, क्षणभर दिवे मंद होतात, आणि माझ्या यूपीएसची बॅटरी मेलेली. नवी टाकली, विषय संपला.

हां, 'डिस्क' नावापुढे ७ नंबर आणि बॅड ब्लॉक दिसला तर मात्र त्याच दिवशी फोटो-बिटो पेनड्राइव्हवर घ्या, उद्यावर ढकलू नका.

तर ६००८ मधल्या पाच-सहा वेळा कागदावर उतरवून मला कळवा, आणि त्या वेळी घरात गिझर लागलेला असतो का तेही बाबांना विचारा.