वाताच्या गोळ्या चालू आहेत, मग झोप का नाही?

प्रश्न : ताई, माझ्या आईला बरीच वर्षं रुमॅटॉइड संधिवात आहे, घरी विड्या वळते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विड्यांचं काम बंद, त्यात तिची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही वाताची गोळी कुठल्याच मेडिकलात मिळेना, आणि कुणीतरी सांगितलं वाताच्या गोळ्यांनी कोरोना लवकर होतो, म्हणून बाकीच्याही तिने बंद केल्या. मग बोटं अशी सुजली की कात्रीने पान कापता येईना. आता गोळ्या चालू, सूज कमी, रिपोर्ट बरे. तरी गड्ड्याच्या जत्रेला येत नाही, पहाटेपर्यंत जागी असते, बोटं चोळत बसते. घरचे म्हणतात नाटकं करते. हे डॉक्टरांना सांगायचं असतं का?
– एक मुलगी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : अगं, सांगायचंच असतं! नाटक कसलं, दुखण्याने झोप उडते, झोप नाही की तेच दुखणं दुप्पट वाटतं आणि मन खचतं, म्हणून या आजारात डिप्रेशन इतरांपेक्षा जास्त दिसतं, कोरोना असो नसो. त्यात जिचं पोटच बोटांवर, तिची बोटं आखडली तर धास्ती बसणारच ना.

त्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं म्हणशील तर मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ती आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोना होऊ नये म्हणून सुचवली आणि ज्यांना गरज नव्हती त्यांनीही घरात भरून ठेवली, ज्यांची रोजची होती ते बसले हात चोळत. पुढे कोरोनावर तिचा उपयोग नाही हेच निघालं. मला अजून राग येतो याचा.

गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेरॉइड चालू असेल तर एकदम तोडणं धोक्याचं, आणि मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, पाकीट एकदा बघून घे. झोपेची गोळीही मेडिकलातून परस्पर आणू नको.

रिपोर्ट बरे असले तरी मनाचं त्यात कुठं येतं? सिव्हिलला मनोविकार विभाग आहे, तिथं दाखवता येईल. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. पण ‘जगून काय करू’ असं काही बोलली तर वाट बघू नको, एकटी सोडू नको, त्याच दिवशी ने.

गड्ड्याचा हट्ट सध्या सोड, आधी शेजारणीकडे तरी जाऊ दे. आणि पुढच्या तपासणीला तूही आत जा, ती डॉक्टरसमोर ‘बरं आहे’ म्हणून उठून येईल.