साक्कारीची पहिली चार वर्षं आणि तुझं वेळापत्रक

प्रिय पोरी,

ग्रीसची टेनिसपटू मारिया साक्कारी हिच्या 2021 च्या मॅचेस तू पुन्हा पुन्हा बघतेस. फ्रेंच आणि अमेरिकन, दोन्ही ओपनच्या सेमीफायनल त्याच वर्षातल्या, त्यामुळे बघणारच. पण तुझ्या आत्ताच्या टप्प्याला उपयोगाची आहे ती 2015 ते 2019 मधली साक्कारी. त्या काळातले व्हिडिओ कमी सापडतील, ड्रॉ (सामन्यांचे तक्ते) मात्र मिळतात. ते काढ आणि शेजारी कॅलेंडर घेऊन बस.

घरातून तिला बरंच मिळालं, हे आधी मान्य करू. आई अँजेलिकी कानेलोपूलू स्वतः जागतिक क्रमवारीत 43 व्या क्रमांकापर्यंत पोचलेली, आजोबाही टेनिसपटू. तरी अठराव्या वर्षी मारिया अथेन्स सोडून बार्सिलोनाला सरावाला गेली. ग्रीसचीच एलेनी दानिलीदू 2003 मध्ये 14 व्या क्रमांकावर होती, पण तिच्यामागे ग्रीसमध्ये खेळाडूंची रांग लागली नव्हती. रोज वेगळ्या हाताची, आपल्याहून थोडी सरस मुलगी समोर उभी राहणं ही गोष्ट लहान देशात पैसे टाकूनही मिळत नाही.

तिच्या जाण्यातला एक भाग तुला जसाच्या तसा उचलता येणार नाही. ग्रीक पासपोर्टवर स्पेनमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. तुला शेंगेनमध्ये (स्पेनसकट युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा-प्रदेश) कुठल्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस. हे कॅलेंडर वर्षावर मोजत नाहीत. तिथल्या प्रत्येक दिवशी मागचे 180 दिवस बघायचे, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही धरायचा. 15 एप्रिलला जाऊन सलग राहिलीस तर 13 जुलैला कोटा संपला, मग 11 ऑक्टोबरपर्यंत दार बंद. म्हणून मधले आठवडे शेंगेनबाहेर टाक: तुर्कीत अंताल्याला क्ले (मातीचं कोर्ट), ट्युनिशियात मोनास्तिरला हार्ड (कडक पृष्ठभागाचं कोर्ट). तिथे डब्ल्यू-15, म्हणजे महिलांच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक टेनिसमधल्या सर्वात खालच्या पायरीच्या, स्पर्धा आठवड्यामागून आठवडे एकाच ठिकाणी होतात. विमानभाडं एकदाच, कोर्टची सवय झालेली, रॅकेटला तारा बसवणारा स्ट्रिंगरही ओळखीचा.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट 2015, अमेरिकन ओपन: वीस वर्षांची साक्कारी क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीच्या, तीन मॅच जिंकून मुख्य ड्रॉमध्ये आली आणि पहिल्याच फेरीत गेली. जानेवारी 2016, ऑस्ट्रेलियन ओपन: पुन्हा क्वालिफाइंगमधून, या वेळी दुसरी फेरी, समोर कार्ला सुआरेझ नवारो. त्याच वर्षी विम्बल्डन: पुन्हा तीच वाट, दुसऱ्या फेरीत व्हीनस विल्यम्सकडून 7-5, 4-6, 6-3. लोक व्हीनसची मॅच सांगतात. मी म्हणेन, त्याआधी कुणी फारसं बघत नसलेल्या बाहेरच्या कोर्टांवर जिंकलेल्या तीन-तीन मॅच बघ.

क्वालिफाइंग म्हणजे कमी दर्जाची मॅच, हा समज काढून टाक. डब्ल्यू-15 च्या क्वालिफाइंगमध्ये तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो. पूर्ण तिसऱ्या सेटमध्ये आपली सर्व्हिस गमावली तर भरून काढायला वेळ असतो. इथे दोन आळशी सेकंड सर्व्ह आणि 2-6 मागे. आठवड्यातून दोनदा तरी सराव संपताना, पाय दमलेले असताना, असे तीन टायब्रेक खेळ, आणि सुरुवात 0-2 पासून कर. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शनिवारी रात्री पोचून रविवारी सकाळी कोर्टवर उभं राहणं. शुक्रवारी पोच. क्ले ओली आणि हवा गार असेल तर बॉल जड होतो. रॅकेटच्या तारांचा ताण दोन पाउंडांनी उतरवून बघ. पॉलिएस्टर तारेचं 200 मीटरचं रीळ घे, रॅकेटला साधारण 12 मीटर धरली तर सोळा रॅकेट निघतात. सुटे सेट महाग पडतात.

एंट्री सोमवारच्या 18 दिवस आधी, गुरुवारी बंद होते. नाव मागे घ्यायची मुदत 13 दिवस आधीचा मंगळवार. दोन्ही आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला. फोनमध्ये गजर सहाचा लाव.

गुणांबद्दल. क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण 10. डब्ल्यू-15 मध्ये पहिली फेरी जिंकलीस तर 1 गुण, विजेतीला 15. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगसाठी ढोबळमानाने सव्वादोनशेच्या आत यावं लागतं, म्हणजे डब्ल्यू-15 वर कायमचं मुक्काम ठोकणं परवडत नाही. दोन-तीनदा सेमीफायनल झाली की वरच्या पायरीच्या डब्ल्यू-35 ला जा, हरायची तयारी ठेवून. पुण्यात, नागपुरात तशा स्पर्धा झाल्या की त्या सोडू नकोस. विमानभाडं वाचतं आणि व्हिसाचे दिवसही.

गुण 52 आठवड्यांनी गळतात. साक्कारी 2017 मध्ये चीनमधल्या वुहानच्या स्पर्धेला क्वालिफायर म्हणून जाऊन सेमीफायनलला पोचली; त्या फेरीचे 350 गुण होते. असा एक आठवडा वर्षभर क्रमांक उचलून धरतो आणि पुढच्या वर्षी त्याच सोमवारी खाली सोडतो. त्या सोमवारच्या आधीच्या दोन महिन्यांत दुसरीकडून गुण जमवायला हवेत, नंतर नाही.

विजेतेपदांचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. 2018 मध्ये टॉम हिल तिचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी सॅन होजेच्या फायनलमध्ये मिहाएला बुझार्नेस्कूकडून ती 6-1, 6-0 हरली. पहिलं विजेतेपद 2019 मध्ये रबातला, जोहाना काँटाविरुद्ध 2-6, 6-4, 6-1. मार्च 2022 मध्ये ती तिसऱ्या क्रमांकावर गेली तेव्हाही नावावर तेवढं एकच होतं. बाकी सगळं क्वार्टर, सेमीफायनल आणि हरलेल्या फायनलच्या गुणांवर उभं. या चालीला नावं ठेवणारे आहेत. माझ्या मते दर आठवड्याला दोन-तीन मॅच जिंकणं हेच अवघड काम आहे.

एक ताकीद. डब्ल्यू-15 ला हरलीस की सट्टा लावणारे अनोळखी लोक फोनवर शिव्या पाठवतील, क्वचित कुणी मुद्दाम हरायला पैसेही देऊ करेल. उत्तर देऊ नकोस, पुसूही नकोस. स्क्रीनशॉट घे आणि त्याच दिवशी टेनिसच्या सचोटी यंत्रणेला कळव. ऑफर आली आणि कळवलं नाही, तर तोही नियमभंगच.

येत्या बारा आठवड्यांचा तक्ता कर: स्पर्धा, कोर्ट, एंट्रीचा गुरुवार, शेंगेनचे उरलेले दिवस, गळणारे गुण. चौथा आठवडा रिकामा ठेव, तिथे फक्त सराव. रविवारपर्यंत पाठव, मग तिकिटं काढू.

तुझे सर