स्वस्त वाइन चाखताना : वाचकांचे प्रश्न

आम्ही सहा मित्र-मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकाने पंधराशेच्या आतली एक बाटली आणायची, चाखायची, गुण द्यायचे. पण ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत वहीत उतरतं. नीट पद्धत सांगाल का? (पुणे)

आधी सहाही बाटल्या एका जातीच्या द्राक्षांच्या आणा. एक लाल मालबेक, एक फेसाळ प्रोसेको, एक गोड गुलाबी रोझे असं कडबोळं टेबलावर आलं तर तुलना कशाची कशाशी करणार? शेनिन ब्लां ही पांढरी ठरली तर नाशिकची, दक्षिण आफ्रिकेची, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, मिळतील तेवढ्या ठिकाणांची घ्या.

मग बाटल्या झाका. कागदी पिशवीतून गळा दिसतो आणि जाणकार गळ्यावरूनच ओळखतो. रीसलिंग या पांढऱ्या वाइनची बाटली उंच निमुळती असते, फ्रान्सच्या बरगंडी भागातली उतरत्या खांद्यांची. म्हणून तळापासून तोंडापर्यंत ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. एकाने बूच काढून फॉइल लावायची, दुसऱ्याने नंतर येऊन बाटल्यांची जागा बदलून क्रमांक टाकायचे, म्हणजे दोघांपैकी कोणालाच पूर्ण पत्ता नसतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांपुढे ठेवली होती. त्यांनी वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नुसत्या रंगाने एवढं होत असेल तर लेबल आणि किंमत काय करतील!

माप 50 मिलीचं ठेवा. माणशी एवढं दिलं तर सहा जणांत बाटलीतली 300 मिली जाते, उरलेली 450 जेवणाला. पण सहा वाइन मिळून माणशी 300 मिली होतात, 13 टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 31 ग्रॅम अल्कोहोल. त्यामुळे थुंकायला प्रत्येकापुढे एक अपारदर्शक पेला हवाच. सगळं गिळून पाचव्या-सहाव्या वाइनला दिलेले गुण आम्ही तरी विचारात घेणार नाही.

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, 16 ते 18 अंशांसाठी. तीस अंशांच्या खोलीतली लाल बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोल नाकात चढतो आणि फळाची चव पातळ लागते. पांढरीला 9-10 अंशांवर यायला अडीच ते तीन तास लागतात; घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं पुरतात. फार थंडही नको. चार अंशांवर वाइनचे दोष लपतात, म्हणून तर स्वस्त पांढरी बर्फगार पाजली जाते.

ग्लास सगळ्यांचे सारखे, तोंडाशी निमुळते. उदबत्ती, अत्तर आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी, तिन्ही बंद. आधी न हलवता हुंगा, मग ग्लास फिरवून हुंगा. दहा मिली तोंडात घ्या, ओठांतून थोडी हवा आत ओढा, दहा सेकंद फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर ती आम्लता, हिरड्या कोरड्या पडल्या तर द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट टॅनिन, घशात ऊब आली तर अल्कोहोल. थुंकल्यावर चव किती सेकंद राहते ते मोजा. पाचच्या आत गेली तर आखूड; या किमतीत दहा टिकली तर उत्तम. वीस गुणांत दिसण्याला 2, वासाला 6, चवीला 8 आणि टिकण्याला 4 एवढी वाटणी पुरते. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मोठ्या आवाजावर दुसरा इलाज नाही.

शेवटची युक्ती: एकच वाइन दोन क्रमांकांखाली ओता, समजा 2 आणि 6. तिला तुम्ही दिलेल्या गुणांत दोनाहून जास्त फरक पडला तर त्या दिवशीचे बाकीचे गुणही कोणाला सांगू नका.

बाटलीवर 'ड्राय' लिहिलेलं असूनही वाइन गोड का लागते? (छत्रपती संभाजीनगर)

दोन कारणं, आणि ती वेगळी करता येतात. नाक घट्ट धरून एक घोट घ्या. तरीही जिभेवर गोडवा जाणवला तर ती खरी साखर. नाक सोडल्यावरच 'गोड' वाटलं तर तो पिकलेल्या फळाचा किंवा मुरवण्याच्या लाकडी पिंपातून आलेल्या व्हॅनिलाचा वास आहे; मेंदू त्यालाच गोड म्हणतो.

युरोपीय नियमात साध्या, बिनबुडबुड्यांच्या वाइनला ड्राय म्हणायला लिटरला 4 ग्रॅम साखर चालते. आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंत. बुडबुड्यांच्या वाइनची भाषा मात्र फसवी आहे. 'ब्रूट' म्हणजे 12 ग्रॅमपर्यंत, 'एक्स्ट्रा ड्राय' 12 ते 17 आणि नुसतं 'ड्राय' 17 ते 32. म्हणजे ज्यावर ड्राय लिहिलंय तीच तिघींत गोड.

जिभेला माप कळावं म्हणून घरी एक लिटर पाण्यात 12 ग्रॅम साखर विरघळवा. अर्धं पाणी बाजूला काढून त्यात अर्धं लिंबू पिळा आणि दोन्ही चाखा. साखर तेवढीच असते, पण लिंबाच्या पाण्यात ती जवळजवळ दिसेनाशी होते. जर्मन रीसलिंगमध्ये हेच घडतं. उलट स्वस्त लाल वाइनमध्ये आम्लता कमी आणि कच्च्या फळाचा कडवटपणा झाकायला ठेवलेली साखर जास्त, असं जमलं की दुसऱ्या ग्लासापर्यंत ती चिकट वाटायला लागते. परीक्षणात हे लिहा. दुकानदार सांगणार नाही.

इथे सुपरमार्केटमध्ये प्रोसेको तीन युरोंना मिळते. घ्यावी का? (श्टुटगार्ट)

लेबलवर आधी 'फ्रिझांते' आहे की 'स्पुमांते' ते पाहा. फ्रिझांतेत दाब कमी, जास्तीत जास्त अडीच बार, आणि बूच बऱ्याचदा सुतळीने बांधलेलं किंवा सरळ स्क्रू कॅप. स्पुमांतेत दाब तीन बारच्या वर, जाड बूच आणि तारेची जाळी. जर्मनीत साध्या वाइनवर उत्पादन शुल्क शून्य आहे, पण पूर्ण फेसाळ वाइनवर जुना झेक्टकर लागतो: 0.75 लिटरच्या बाटलीला 1 युरो 2 सेंट. फ्रिझांते त्यातून सुटते, म्हणून ती स्वस्त.

आता तीन युरोंच्या स्पुमांतेचा हिशेब करा. 19 टक्के व्हॅट काढला की 2.52 उरतात, झेक्टकर गेला की दीड युरो. त्यात जड काच, बूच, जाळी, वाहतूक आणि दुकानाचा नफा. द्राक्षांच्या वाट्याला काय येत असेल ते तुम्हीच बघा. त्याच पैशांत फ्रिझांते घेतली तर तुलनेने बरा माल मिळतो, किंवा आणखी तीन-चार युरो घालून स्पेनची कावा घ्या. प्रोसेकोचा दुसरा आंबवणीचा टप्पा मोठ्या बंद टाकीत होतो, कावाचा त्याच बाटलीत. शिवाय ती निदान नऊ महिने यीस्टच्या गाळावर ठेवावी लागते. कावात भाजलेल्या पावाचा वास येतो तो त्यामुळे. प्रोसेकोत तो शोधू नका. ग्लेरा द्राक्षाकडून पेर, सफरचंद आणि ताजेपणा एवढीच अपेक्षा ठेवायची, ती पुरी झाली की गुण द्यायचे.

उंच फ्लूट चाखायला निरुपयोगी, नाक आत जात नाही. साधा वाइन ग्लास घ्या आणि साबणाचा अंश राहू देऊ नका. फेस लगेच बसतो आणि दोष वाइनला लागतो.

बाटली उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. वाइन खराब होती की आम्हाला कळलं नाही? (मुंबई)

खराब होती. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचा पदार्थ बुचातून उतरतो, लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही नाकाला कळतो. पंधरा मिनिटं ग्लासात ठेवून पुन्हा हुंगा. पुठ्ठा किंवा भिजलेलं गोणपाट वाढलं तर शंका नको. पंचाईत होते ती दोष सौम्य असताना, कारण तेव्हा वास येत नाही, फळ मात्र गायब असतं आणि वाइन मुकी वाटते. असं वाटलं तर दुसरी बाटली उघडल्याशिवाय वाईट परीक्षण लिहू नका.

सडक्या अंड्याचा किंवा जळक्या काडीचा वास वेगळा. तो गंधकाच्या संयुगांचा, स्क्रू कॅपच्या बाटल्यांत जास्त भेटतो, आणि बहुधा ग्लास जोरात फिरवून जातो. नाहीच गेला तर ग्लासभर वाइनमध्ये तांब्याचा घासून स्वच्छ केलेला तुकडा मिनिटभर ढवळा. वास गेला की निदान पक्कं. ती वाइन मात्र ओतून द्या. नेलपेंट रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे जिवाणूंचं काम, त्यावर उपाय नाही.

तुमच्याकडे आणखी एक शत्रू आहे तो उकाडा. बूच काचेच्या वर आलेलं असेल, वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर बाटली तापलेली आहे. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली मेमध्ये घेऊ नये. बुचाला किंवा तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार.

परदेशी परीक्षणांत गूजबेरी, ब्लॅककरंट असतं. न चाखलेली फळं आम्ही का लिहायची? (रत्नागिरी)

लिहूच नका. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू येतो, तो लिहा. लाल वाइनमध्ये जांभूळ, करवंद, आमसूल भेटलं तर तेही. मात्र वास खरोखर ओळखीचा करून घ्या. बिनवासाची स्वस्त पांढरी वाइन 50-50 मिली चार ग्लासांत घ्या. एकात ढोबळी मिरचीचा नखाएवढा तुकडा, दुसऱ्यात दोन लवंगा, तिसऱ्यात चार ठेचलेले मिरे, चौथ्यात लिचीचा गर. दहा मिनिटांनी गाळून हुंगा. काही ठिकाणी हे साम्य नुसतं भासाचं नसतं. सिराह या लाल वाइनमधला मिऱ्याचा वास देणारं रोटुंडोन हे संयुगच काळ्या मिरीतही असतं.

पंधरा डॉलरच्या आत कुठल्या देशाची वाइन डोळे मिटून घ्यावी? (न्यू जर्सी)

डोळे मिटून कुठलीच नाही, पण नावाचा भाव न लागलेले प्रदेश शोधा. या पैशांत बरगंडी किंवा इटलीची महागडी बारोलो शोधण्यात अर्थ नाही. स्वस्त पिनो न्वार (बरगंडीचं लाल द्राक्ष) तर बहुतेक वेळा पाणचट किंवा मुरांब्यासारखी निघते, कारण त्या वाणाला कमी उत्पन्न आणि थंड हवा लागते.

पोर्तुगालची विन्यु व्हेर्द घ्या: 9 ते 11 टक्क्यांची, जिभेवर किंचित चुरचुरणारी. ती त्याच वर्षात प्यायची असते, दुकानात मागे धूळ खात पडलेली नको. लुआरची मस्कादे घेताना लेबलवर 'सूर ली' पाहा. म्हणजे ती हिवाळाभर गाळावर राहिलेली असते आणि पातळपणा जाऊन थोडं अंग येतं. कालवांबरोबर हिच्यासारखी दुसरी नाही. दक्षिण फ्रान्समधल्या लांगडॉकची पांढरी पिकपूल, दक्षिण आफ्रिकेची शेनिन, स्पेनच्या कालातायूद भागातली लाल गार्नाचा, सगळ्या या किमतीत बसतात. अर्जेंटिनातल्या मेंदोसाची मालबेक भरवशाची आहे, फक्त 14 टक्क्यांच्या पुढे गेलेली थोडी गार करून प्या.

चिलीच्या कार्मेनेरबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्यावर अन्याय होतो. 1994 पर्यंत चिलीत तिला मर्लो हे दुसरं लाल द्राक्षच समजत. फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी ती वेगळी असल्याचं ओळखलं. ती मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकते. एकत्र तोडली की कच्ची राहते आणि ढोबळ्या मिरचीचा वास मारते. हा वास पायराझिन या संयुगांचा. पिकलेल्या काळ्या फळाबरोबर मागे थोडा आला तर ती वाणाची खूण, गुण कापू नका. नुसती मिरची आणि देठाचा कडवटपणा असेल तर कापा.

लेबलवरच्या 'रेझर्वा'ला सगळीकडे सारखं वजन देऊ नका. स्पेनमधल्या रिओखाच्या लाल वाइनला तीन वर्षं मुरवल्याशिवाय, त्यातलं निदान एक पिंपात, तो शब्द लावता येत नाही. चिलीत नियम बराच सैल. आणि दहा डॉलरच्या लाल वाइनमध्ये व्हॅनिला-खोबऱ्याचा दणदणीत वास आला तर तो पिंपाऐवजी वाइनमध्ये टाकलेल्या ओकच्या लाकडाच्या तुकड्यांचा समजा. नवं फ्रेंच पिंप आठशे-नऊशे युरोंच्या घरात पडतं, 225 लिटरच्या पिंपातून 300 बाटल्या निघतात, म्हणजे बाटलीमागे तीनेक युरो नुसत्या लाकडाचे. तो खर्च इथे परवडत नाही. तुकडे वापरणं बेकायदा नाही, पण वासाला लाकूड आणि चवीला काहीच नाही अशी फारकत दिसली की ओळखावं.

तांबड्या रश्श्याबरोबर लाल वाइन कडू का होते? (कोल्हापूर)

तिखटाची आग अल्कोहोलने भडकते, आणि त्यात टॅनिनचा तुरटपणा आणखी खरखरीत लागतो. 11-12 टक्क्यांची, किंचित गोडसर रीसलिंग किंवा शेनिन 8 अंशांवर थंड करून घ्या. लालच हवी तर कमी टॅनिनची, गार केलेली. सुक्या मटणाला मालबेक चालेल, रश्श्याला नाही.

युरोपात सहा युरोंची वाइन इथे अडीच हजारांना. परीक्षणात कोणती किंमत धरायची? (नागपूर)

तुमचा वाचक जिथे विकत घेणार तिथली. आयात वाइनवर मूळ सीमाशुल्क 150 टक्के, वर राज्याचे कर. त्यामुळे ती सहा युरोंच्या दर्जाचीच राहते आणि तिची गाठ इथल्या हजार रुपयांच्या नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांशी पडते. झाकून चाखा, पुष्कळदा नाशिकची पुढे जाते. तिचा हंगाम जानेवारी ते मार्च, तेव्हा लेबलवरचं साल ताजं पाहा. दोन वर्षांपेक्षा जुनी साधी पांढरी सोडून द्या. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला, पण शुल्कातली त्याची सवलत बाटलीची आयात किंमत 5 डॉलर किंवा जास्त असेल तरच. सगळ्यात स्वस्त बाटल्यांना तिचा फायदा नाही.

अर्धी उरलेली बाटली किती दिवस टिकते? (ठाणे)

लाल असो की पांढरी, बूच लावून फ्रिजमध्ये. पांढरी दोन-तीन दिवस, हलकी लाल दोन, भारी लाल तीन-चार. बाटली उघडताक्षणी 375 मिलीची रिकामी बाटली गळ्यापर्यंत भरून बंद केली तर आणखी दोन दिवस मिळतात, कारण आत हवाच राहत नाही. फेसाळ वाइनच्या तोंडात चमचा अडकवण्याने काहीही होत नाही. क्लिपचं झाकण आणा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. परीक्षण लिहिणार असाल तर दोन घोट मुद्दाम ठेवून दुसऱ्या संध्याकाळी चाखा. साखरेवर आणि लाकडाच्या वासावर उभी असलेली वाइन तोवर कोसळलेली असते.